तळ्याकाठच्या उपनगरातले रोड सायकलिंगचे रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्याभोवतीचा रस्ता निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

फाटे बघायचे. अंतर आणि चढ त्यानंतर.

उपनगरांची रचना बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. घरांच्या गल्ल्या पुढे जाऊन बंद होतात आणि या सगळ्या बंद गल्ल्यांची रहदारी दोन-तीन मोठ्या रस्त्यांवर येऊन पडते. नकाशावर सरळ आणि रुंद दिसणारा रस्ता नेमका हाच असतो. त्याला दर शे-दोनशे मीटरवर गल्ली, पार्किंगचं तोंड, पेट्रोल पंप किंवा दुकानांचं आवार येऊन मिळतं. अशा प्रत्येक जागी कोणीतरी मान भलतीकडे वळवून गाडी बाहेर काढत असतं. शहरी भागात मोटार आणि सायकल यांची धडक बहुतेक करून अशाच जागी होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर ती त्या मानाने कमी.

पाण्यातून मात्र गल्ली येत नाही. काठाने जाणाऱ्या रस्त्याची ही खरी श्रीमंती आहे. देखावा वगैरे पुढची गोष्ट. म्हणून उपग्रह चित्र उघडा, आपण ज्या कडेने जाणार त्या कडेवर बोट फिरवा आणि येऊन मिळणारे फाटे मोजा. माझा ढोबळ हिशोब असा: किलोमीटरला चारपेक्षा जास्त फाटे असतील तर तो तुकडा गर्दीच्या वेळी टाळायचा, किंवा तिथे वेग उतरवायचा. चाळीस किलोमीटरच्या गजबजलेल्या फेरीपेक्षा पंचवीस किलोमीटरची निवांत फेरी पायांनाही जास्त काम देते, कारण पेडल सलग फिरतं.

फेरी कोणत्या दिशेने मारायची?

हा प्रश्न गमतीत विचारला जातो, पण याच्याइतका फरक क्वचितच दुसरी कुठली गोष्ट पाडते.

वाहतूक डावीकडून चालत असेल तर तळं डाव्या हाताला ठेवा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने जा. तुम्ही डाव्या कडेला, कडेच्या पलीकडे पाणी. सगळे फाटे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला राहतात. शिवाय फेरीतली मुख्य वळणं डावीकडची असतात, त्यामुळे समोरून येणारी रहदारी छेदून उजवीकडे वळायची वेळ फार थोड्या वेळा येते. वाहतूक उजवीकडून चालत असेल तर हेच सगळं उलटं करा: तळं उजव्या हाताला, दिशा घड्याळाची.

जपानमध्ये बिवा सरोवराला सायकलने पूर्ण वेढा घालण्याला ‘बिवाइची’ म्हणतात. फेरी साधारण २०० किलोमीटरची. तिथे वाहतूक डावीकडून चालते आणि सायकलस्वारांना घड्याळाच्या उलट दिशेने जायला सांगतात. स्वीडनमधल्या व्हेटर्न सरोवराभोवती १९६६ पासून ‘व्हेटर्नरुंडान’ ही ३१५ किलोमीटरची लोकप्रिय राइड होते (आधी ती ३०० किलोमीटर होती). तिथे वाहतूक उजवीकडून, आणि ही राइड पूर्व काठावरच्या मोटालातून निघून आधी दक्षिणेला उतरते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने.

आपण सहज ‘तळ्याला प्रदक्षिणा’ म्हणतो. त्या शब्दात ‘दक्षिण’, म्हणजे उजवा हात, दडलेला आहे. डावीकडून गाड्या चालतात तिथे शब्द खुशाल तोच वापरा, सायकल उलटीकडून न्या.

काठावर चालणाऱ्यांसाठी सुंदर ट्रॅक आहे. तिथूनच का जाऊ नये?

रमतगमत जायचं असेल तर जरूर जा. पण रोड बाइकवर पंचवीस-तीसच्या वेगाने जायची ती जागा नाही. चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटरने जातो, लहान मूल कधीही आडवं पळतं आणि लांब दोरीचा कुत्रा म्हणजे रस्त्यात ताणलेली तार. घंटी वाजवली की लोक बाजूला होतात, पण दोघं दोन बाजूंना होतात आणि मग पुन्हा एकमेकांकडे धावतात. पंधराच्या वर जायचं असेल तर रस्त्यावर या.

पूर्ण फेरी किती लांब पडेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

तळं साधारण गोल असेल तर आरपार अंतराला ३.१४ ने गुणा. सहा किलोमीटर रुंदीच्या तळ्याला एकोणीसच्या आसपास. प्रत्यक्षात रस्ता काठाची प्रत्येक खाच पाळत नाही. काही ठिकाणी तो भूशिरं कापून सरळ जातो, तर काही ठिकाणी पूल गाठायला आत वळतो.

नैसर्गिक तळं आणि धरणाचा जलाशय यात मोठा फरक पडतो. जलाशय म्हणजे पाण्याखाली गेलेलं खोरं. मुख्य नदीला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या दरीत पाणी शिरतं आणि नकाशावर त्याचा आकार पसरलेल्या बोटांचा होतो. रस्ता प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत आत जातो, ओढा ओलांडतो आणि बाहेर येतो. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो आणि तिथे पोचायला आठ किलोमीटर लागतात. भिंतीवरून पलीकडे जाता येईल हे गृहीत धरू नका. बऱ्याच धरणांच्या भिंतीवर सार्वजनिक वाहतूक बंद असते, कधी ठरावीक वेळेतच सुरू असते. ते आधी विचारून घ्या, कारण एवढ्या एका फाटकावर अख्खी फेरी अडते.

पाणी तर सपाट असतं. मग तळ्याभोवती एवढे चढ कुठून येतात?

रस्ता पाण्याला चिकटून आहे तोवर सपाटच राहतो. काठ सुटला की चढ आला असं समजा. कडा थेट पाण्यात उतरत असेल तिथे रस्ता वरून जातो. ओढ्याची घळ असेल तिथे खाली उतरून लगेच वर येतो. हे चढ लांबीला दोन-तीनशे मीटर, पण उभे असतात आणि उतारावर आलेला वेग पहिल्या पन्नास मीटरमध्ये विरून जातो. गिअर खाली टाकायचा तो चढ सुरू व्हायच्या आधी. भाराखाली टाकला तर चेन कुरकुरते आणि कधी उतरतेही.

जलाशयांवर हे जास्त जाणवतं. खोऱ्याच्या तळातला जुना रस्ता पाण्याखाली गेलेला असतो आणि नवा डोंगराच्या कुशीतून, मिळेल त्या उंचीवरून काढलेला असतो.

माझं आणि मित्राचं यंत्र एकाच फेरीत वेगवेगळा चढ दाखवतं. कोणाचं खरं?

बहुधा दोघांचंही नाही. काही यंत्रं हवेच्या दाबावरून उंची काढतात, काही नकाशातल्या उंचीवरून. दाबावर चालणाऱ्या यंत्राला हवामान बदललं तरी आपण चढलो-उतरलो असं वाटतं. नकाशावर चालणारं पुलावर फसतं: तुम्ही पुलावरून सपाट जात असता आणि ते खालच्या दरीची किंवा पाण्याची उंची धरून आधी उतरवतं, मग चढवतं.

फेरीत एक सोपी तपासणी आपोआप मिळते. निघालो तिथेच परत आलो, म्हणजे एकूण चढ आणि एकूण उतार सारखाच असायला हवा. यंत्र दोहोंत तीस मीटरचा फरक दाखवत असेल तर निदान तेवढी तरी चूक त्याची आहे.

वाऱ्याचं काय? अर्ध्या फेरीत समोरून, अर्ध्यात पाठीमागून, म्हणजे हिशोब फिटतो ना?

फिटत नाही. चाळीस किलोमीटरची फेरी धरा. पहिले वीस हेडविंडमध्ये ताशी २० ने गेलात: एक तास. पुढचे वीस टेलविंडमध्ये ३० ने: चाळीस मिनिटं. एकूण शंभर मिनिटं, सरासरी २४. पंचवीसची आशा धरली होती, पण वारा समोरून असताना वेळही जास्त जातो, त्यामुळे नुकसान जास्त काळ सोसावं लागतं. वर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाच्या. सपाट रस्त्यावर पंचविशीच्या पुढे गेलात की पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला झाडं-घरं अडवत नाहीत, म्हणून तळ्याकाठी हे सगळं आतल्या गल्ल्यांपेक्षा जास्त बोचतं.

मोठ्या तळ्यांना स्वतःचा वारा असतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा काठाकडे येते. रात्री याच्या उलट. परिणामी ऊन चढल्यावर तुम्ही फेरीत कुठेही असा, वारा तळ्याकडून, आडवा येतो. टेलविंडची वाट बघत राहायचं आणि ती येतच नाही, असा हा प्रकार. लहान तळ्यांवर याचा परिणाम जाणवण्याइतका नसतो.

आडवा वारा नुसता दमवत नाही, ढकलतो. इमारतींची किंवा झाडांची रांग संपते आणि पाणी उघडं होतं, त्या जागी झोत अचानक बसतो. तिथे हँडल आवळून धरायचा मोह होतो. त्याने सायकल जास्तच डगमगते. हात खालच्या वळणावर, कोपर सैल, कडेपासून थोडी जास्त जागा. खोल रिमची, म्हणजे उंच कडेची चाकं अशा दिवशी घरीच ठेवा.

फेरीची सुरुवात निवडता येत असेल तर हेडविंडचा तुकडा पहिल्या अर्ध्यात घ्या. दिशा तीच ठेवून, निघायची जागा बदलूनही हे साधतं.

पहाटे जावं की संध्याकाळी?

पहाटे. वारा पडलेला असतो, पार्किंग रिकामी असतात.

पहाटेची अडचण एकच: धुकं. पाणी कोमट आणि हवा गार असेल तेव्हा पाण्यावरून वाफ उठून काठावर धुकं धरतं आणि ते तुकड्यातुकड्यांनी असतं. दोनशे मीटर स्वच्छ, मग एकदम काही दिसत नाही. अशा वेळी मागचा दिवा सुरू ठेवून काठ सोडून जरा उंचावरचा रस्ता धरलेला बरा. संध्याकाळी पाण्याजवळ चिलटांचे थवे असतात. पारदर्शक चष्मा घाला आणि तोंड मिटून चढ चढता येतो का ते बघा. येत नाही.

ऊन तिरपं असताना ड्रायव्हरला मी दिसतो का?

स्वतःची सावली बघा. सावली ज्या बाजूला लांब पडली आहे, त्या बाजूने येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन आहे. सावली तुमच्या पुढे असेल तर समोरून येणारा आणि तुमच्या आडवा वळू पाहणारा आंधळा. सावली मागे असेल तर मागून येणारा. तळ्याकाठी यात पाण्यावरची चकाकीही भर घालते. सूर्य समोर, पाणी समोर आणि मागे गाड्यांची रांग अशा वेळी पाच मिनिटं थांबून पाणी प्यायलं तर काही बिघडत नाही.

दिवसाही पुढचा-मागचा दिवा सुरू ठेवा, मिचकावणारा. अंधारात मागचा दिवा स्थिर ठेवा, कारण मिचकावणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाज येत नाही.

फेरी अर्ध्यात सोडायची वेळ आली तर?

तळ्याच्या फेरीचा हा खोडसाळपणा लोकांच्या लक्षात येत नाही. साध्या जाऊन-येऊन रस्त्यावर कुठूनही मागे फिरलात की जेवढं आलात तेवढंच परत. फेरीत निम्म्यावर आलात की दोन्ही बाजूंनी घर तितकंच लांब, आणि मध्ये पाणी. पूल किंवा बोट असेल तरच सुटका.

म्हणून निम्म्याची जागा आधी ठरवा आणि तिच्या चार-पाच किलोमीटर अलीकडे एक निर्णयाची जागा ठेवा. तिथे स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या: पाणी किती उरलं, वारा कसा फिरला, गुडघा काय म्हणतो. मी एकदा ‘आता काय, निम्मं तर झालंच’ म्हणत पुढे गेलो होतो. पंपाची नळी फाटलेली आहे हे मला बरोबर पलीकडच्या काठावर कळलं.

बरोबर काय ठेवायचं?

एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, चालू अवस्थेतला पंप (वरचं उत्तर वाचा), अॅलन कीचा छोटा संच, फोन. चेन तोडायचं साधन असेल तर उत्तम.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. उन्हात जास्त. दीड तासाच्या आतल्या फेरीला खाण्याची गरज नसते. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि ती भूक लागायच्या आधी. समोर एवढं पाणी आहे म्हणून बाटली अर्धी भरून निघणारे असतात. तळ्यातलं पाणी प्यायचं नसतं, एवढंच सांगतो.

टायर किती रुंद हवेत?

२८ मिलिमीटर. काठाचा रस्ता खडबडीत असेल आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२. हवा वजनाप्रमाणे भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. दगडासारखा टणक टायर वेगवान वाटतो, पण खराब डांबरावर तो उसळतो आणि उसळण्यात वेग जातो.

नकाशाचं कोणतं ॲप वापरावं?

एकावर विसंबू नका. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवायच्या ॲपच्या हीटमॅपवर लोक कुठून जातात ते दिसतं, पण का जातात ते दिसत नाही. एखादा रस्ता ठळक दिसतो तो केवळ दुसरा पर्याय नाही म्हणून. ओपनस्ट्रीटमॅपवर पुष्कळ ठिकाणी रस्त्याचा पृष्ठभाग, डांबर की खडी, नोंदलेला असतो. गुगलच्या रस्त्यावरच्या फोटोंमध्ये कडेला किती जागा आहे ते बघता येतं. फोटो कोणत्या वर्षीचा आहे तेवढं तपासा.

एक युक्ती उपनगरात हमखास कामी येते. बंद गल्लीच्या टोकाला बऱ्याचदा पायी जाणाऱ्यांसाठी बोळ असतो आणि तो शेजारच्या गल्लीला जोडतो. मोटारीला तिथून वाट नाही, सायकल हातात धरून नेता येते. असे दोन-तीन बोळ सापडले तर मोठ्या रस्त्याचा सगळ्यात वाईट तुकडा पूर्ण टळतो. हे बोळ शोधायला पायी फिरावं लागतं. फाटकावर ‘खासगी’ लिहिलं असेल तर परत फिरा.

सुट्टीच्या दिवशी गर्दीतून कसं जायचं?

उभ्या गाड्यांपासून निदान एक मीटर लांब. तळ्यावर आलेली माणसं गाडी लावतात, पाण्याकडे बघतात आणि न बघता दार उघडतात. आधीच सावध व्हायचं असेल तर आरशात डोकं दिसतंय का, मागचा लाल दिवा आत्ताच विझला का, चाकं वळलेली आहेत का, याकडे नजर ठेवा. अनेक देशांत सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडावं असा कायदा आहे. पण तुम्हीच गटाराला चिकटून चाललात तर उरलेल्या जागेतून घुसता येईल असं मागच्याला वाटतं. अरुंद जागी लेनच्या मध्याकडे सरका, रुंद झाली की कडेला या.

रस्ता ओला असेल तर?

डांबराची फार काळजी नको. घसरतात त्या बाकीच्या गोष्टी: पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाचे धातूचे सांधे, लाकडी फळ्यांचे धक्के आणि सावलीतलं शेवाळ. यांच्यावरून जाताना वळू नका, ब्रेक लावू नका, सरळ निघून जा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत पकड येत नाही, पाणी पुसलं जाईपर्यंत थांबावं लागतं. तेवढं अंतर आधीपासून हाताशी ठेवा. थंड प्रदेशात पूल रस्त्याआधी गोठतो, कारण त्याच्या खालूनही गार हवा वाहते.

गटाने जायचं असेल तर किती जण असावेत?

चार ते सहा. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की हवेचा विरोध बराच कमी होतो आणि हेडविंडमध्ये त्याचा खरा फायदा कळतो. आळीपाळीने पुढे या. आडव्या वाऱ्यात शर्यतीतले सायकलस्वार तिरकी रांग धरतात. चालू रहदारीच्या रस्त्यावर ते करू नका, अख्खी लेन अडते. दहा-बारा जण असतील तर दोन गट करा आणि मध्ये एखादी गाडी शिरू शकेल इतकं अंतर सोडा.

आमच्या तळ्याचा रस्ता फारच सपाट आहे. चढाचा सराव कसा करावा?

फणी काढा. काठाचा रस्ता म्हणजे फणीची पाठ आणि वरच्या वस्तीकडे जाणाऱ्या गल्ल्या म्हणजे दात. तळं दिसावं म्हणून लोक उतारावर घरं बांधतात, त्यामुळे काठापासून वर जाणारे छोटे, उभे रस्ते जवळजवळ नेहमी सापडतात. वर जा, वळा, खाली या, पुढच्या दाताला लागा. साठ मीटरचे दहा दात म्हणजे सहाशे मीटर चढ, आणि घरापासून पाच किलोमीटरच्याही पलीकडे जावं लागत नाही. उतरताना वेग आवरा. त्या उताराच्या तळाशी काठाचा रस्ता आडवा असतो, आणि इथे फाट्यातून बाहेर येणारे तुम्ही असता.

रोज तीच फेरी. वेळ सुधारतोय का हे कसं कळणार?

एकाच फेरीच्या दोन वेळा सरळ एकमेकांशी ताडून बघू नका. वारा, सिग्नल आणि वाटेत आडवी आलेली बदकं यांनी तीन-चार मिनिटं सहज इकडची तिकडे होतात. फेरीतला दोन-तीन किलोमीटरचा, सिग्नल नसलेला एक तुकडा निवडा, शक्यतो थोडा चढाचा, कारण चढावर वेग कमी असतो आणि वाऱ्याची लुडबुड कमी होते. तेवढ्याचीच वेळ नोंदवा, वारा पडलेल्या पहाटे, पंधरा दिवसांतून एकदा. बाकीच्या दिवशी घड्याळ खिशात.